वापरलेल्या बॅगेला एवढे पैसे का?

मी जुन्या डिझायनर बॅगा तपासते. विकायला आलेली बॅग ज्या कंपनीचं नाव मिरवते तिचीच आहे का, हे पाहणं माझं काम. हे कळलं की बहुतेक जण एकच विचारतात: कुणीतरी वापरलेली बॅग, तीही हातात न घेता, नुसत्या फोटोवरून, लोक एवढे पैसे मोजून घेतातच कशी? आणि हा धंदा पंधरा-सोळा वर्षांत एवढा फोफावला कसा? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

'स्वस्त पडतं म्हणून' हे उत्तर अर्धंच आहे. वापरलेल्या वस्तू आधीही स्वस्तच होत्या. कुणीही आपली वस्तू विकायला ठेवू शकेल अशी ईबे ही ऑनलाइन बाजारपेठ 1995 पासून आहे. पण महागडी बॅग तिथून घ्यायला लोक कचरायचे. नकली निघाली तर दाद कुणाकडे मागणार? 2008 च्या उन्हाळ्यात अवघ्या दोन आठवड्यांच्या अंतराने दोन न्यायालयांनी याची दोन टोकांची उत्तरं दिली. पॅरिसच्या न्यायालयाने लुई व्हितोंची मालकी असलेल्या एलव्हीएमएच समूहाच्या बाजूने निकाल दिला आणि ईबेला सुमारे 4 कोटी युरो भरायला सांगितले (अपिलात ही रक्कम बरीच खाली आली). न्यूयॉर्कमध्ये मात्र ईबेविरुद्धच्या खटल्यात टिफनी ही दागिन्यांची कंपनी हरली. एखाद्या ठरावीक वस्तूबद्दल तक्रार आली की ती काढून टाकावी, पण आपणहून नकली माल हुडकत बसण्याची सक्ती बाजारपेठेवर नाही, असं तिथल्या न्यायालयाने सांगितलं.

कायद्याने सक्ती केलेली नसताना हे काम कुणीतरी स्वतःहून अंगावर घ्यायला हवं होतं, आणि माझ्या मते हा सगळा धंदा तिथूनच उभा राहिला. 2009 मध्ये पॅरिसमध्ये वेस्तिएर कलेक्टिव्ह ही वापरलेल्या डिझायनर वस्तू ऑनलाइन विकणारी कंपनी सुरू झाली. सहा संस्थापकांपैकी फॅनी मोइझाँ आणि सोफी एर्सां ही दोन नावं आज जास्त ओळखीची आहेत. त्यांची मूळ रीत साधी होती. विकणारा घरबसल्या फोटो टाकणार, वस्तू विकली गेली की ती आधी कंपनीच्या केंद्रात येणार, तिथे तपासली जाणार आणि मगच घेणाऱ्याकडे जाणार. 2011 मध्ये अमेरिकेत जूली वेनराइट यांनी याच धंद्यातली द रिअलरिअल ही कंपनी काढली. इंटरनेटवरच्या पहिल्या लाटेत बुडालेल्या पेट्स डॉट कॉमच्या त्या प्रमुख होत्या. त्यांची एक मैत्रीण एका बुटीकच्या मागच्या बाजूला ठेवलेले वापरलेले कपडे आवडीने घेत होती. ऑनलाइन मात्र तीच मैत्रीण असलं काही घ्यायला तयार नव्हती, कारण नकली मालाची धास्ती. धंद्याची कल्पना तिथे सुचल्याचं वेनराइट यांनी वेळोवेळी सांगितलं आहे. ऐपत असलेलं, हौस असलेलं गिऱ्हाईक समोर होतं. अडलं होतं ते फक्त भरवशापाशी.

तपासणं म्हणजे काय, ते एका बॅगेवर दाखवते. एर्मेस ही कंपनी 1837 मध्ये घोड्यांचे साज बनवत सुरू झाली आणि खोगिराची ती शिवण तिने बॅगांवर अजून टिकवून ठेवली आहे. एकच मेण लावलेला दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी सुई जाते. हाताने घातलेला असा टाका किंचित तिरका पडतो. मशीनच्या शिवणीत दोन वेगळे दोरे एकमेकांत अडकवलेले असतात, त्यामुळे टाके सरळ आणि एकसारखे दिसतात. मी भिंग घेऊन आधी हँडलचं मूळ बघते, कारण तिथे कातड्याचे थर जाड असतात आणि नकल करणाऱ्याचा हात तिथेच चुकतो. मग बक्कलावरची अक्षरं, चेनची ओढ, अस्तराच्या कडा. डिंकाचा उग्र वास येत असेल तर मी थांबते आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा बघते. लुई व्हितोंच्या कित्येक बॅगांचे पट्टे न रंगवलेल्या कातड्याचे असतात. हात आणि ऊन लागून ते हळूहळू गडद होतात, पण सगळीकडे सारखे नाही. जिथे हात लागतो तिथे आधी, जिथे पट्टा घडीत राहतो तिथे सगळ्यात शेवटी. पट्टाभर एकसारखा जुनेपणा दिसला की मला शंका येते.

यातली एकही गोष्ट एकटी पुरावा ठरत नाही. सगळ्या जुळाव्या लागतात, आणि त्याला वेळ लागतो.

वाढीची गोम आणि वाढीची अडचण, दोन्ही इथेच आहेत. नवा शर्ट विकणारी कंपनी एक फोटो काढते, एक वर्णन लिहिते आणि त्यावर हजारो शर्ट विकते. आमच्याकडे प्रत्येक वस्तू एकुलती एक. तिचा फोटो वेगळा, ओरखडे वेगळे, किंमत वेगळी, तपासणी वेगळी. त्यामुळे विक्री वाढली की खर्चही तिच्याबरोबर वाढत जातो. द रिअलरिअलचा शेअर जून 2019 मध्ये 20 डॉलरना बाजारात आला आणि 2022 च्या अखेरीस दोन डॉलरच्याही खाली गेला. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून हे झालं नाही. माझ्या मते, गिऱ्हाइकाला दिलेला शब्द पाळणं महाग पडतं, हे त्यामागचं एक मोठं कारण. तपासणीतला पैसा वाचवून नफा दाखवावा असा मोह अशा वेळी होतो. मला तो धंद्याच्या मुळावर येणारा वाटतो.

दुसरी गोष्ट बाहेरून फारशी दिसत नाही. इथे तुटवडा घेणाऱ्यांचा नसतो, मालाचा असतो. चांगल्या वस्तू लोकांच्या कपाटात पडून असतात आणि त्या बाहेर काढायला माणसं लागतात. द रिअलरिअलने तर विकणाऱ्यांच्या घरी जाऊन वस्तू गोळा करणारे प्रतिनिधी नेमले.

या सगळ्याला हातभार लावला तो खुद्द ब्रँड्सनी, नव्या मालाच्या किमती चढवून. चॅनलच्या मध्यम आकाराच्या क्लासिक फ्लॅप बॅगेला अमेरिकेत 2019 मध्ये सहा हजार डॉलरपेक्षा कमी पडायचे. 2024 मध्ये तिने दहा हजारांचा टप्पा ओलांडलेला होता. मग लोक जुन्या बॅगेकडे वळले तर नवल काय? तरी ब्रँड्सचं यावर एकमत नाही. चॅनलने 2018 मध्ये द रिअलरिअलवर खटला भरला. जुन्या डिझायनर वस्तू विकणाऱ्या न्यूयॉर्कच्या व्हॉट गोज अराउंड कम्स अराउंड या दुकानाविरुद्धच्या खटल्यात 2024 मध्ये ज्यूरीने चॅनलला 40 लाख डॉलर भरपाई मंजूर केली. याउलट गुचीची मालकी असलेल्या केरिंग समूहाने 2021 मध्ये वेस्तिएरचा सुमारे 5 टक्के हिस्साच विकत घेतला. मला केरिंगची वाट पटते. आपली वस्तू दुसऱ्या, तिसऱ्या हातात गेल्यावरही कुणाला हवीशी वाटते, यात कारागिराचा मान आहे.

वेस्तिएरने 2022 मध्ये फास्ट फॅशनचे, म्हणजे झटपट आणि स्वस्तात कपडे काढणारे, ब्रँड्स हद्दपार करायला सुरुवात केली. विक्रीवर पाणी सोडून घेतलेला तो निर्णय मला मनापासून आवडला. चार धुण्यांत विरणारा कपडा पुढच्या माणसाच्या गळ्यात मारण्यात काही अर्थ नाही. मात्र जुनं घेतलं म्हणजे पृथ्वी वाचली, असं मी कुणाला सांगत नाही. जुनी बॅग विकून आलेल्या पैशात लगेच नवी घेणारेही पुष्कळ असतात.

बॅगांमध्ये आता त्यांची ओळख पटवणारी मायक्रोचिप येते. लुई व्हितोंने 2021 पासून ती बसवायला घेतली. पुढे तिचा उपयोग होईलच, पण त्याआधीच्या असंख्य बॅगा अजून बाजारात फिरताहेत आणि त्यांच्यासाठी भिंग आणि तयार नजर यांना पर्याय नाही.

मग घ्यावी का, हे तुमचं पुढचं विचारणं असतंच. घ्या, पण पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मिळवा: वस्तू तुमच्या हातात येण्याआधी कुणी तपासणार आहे की थेट विकणाऱ्याकडून येणार आहे, नकली निघाली तर पैसे कोण परत देणार, आणि ते किती दिवसांत. शिवाय हँडलच्या मुळाचा आणि आतल्या छापाचा जवळून काढलेला फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर ती बॅग सोडून द्या.