'तिसरी शिट्टी' : भाग ३ चे ध्वनिमुद्रण पूर्ण

आमच्या विनोदी विज्ञान-श्रुतिकेच्या चार भागांपैकी तिसऱ्याचे ध्वनिमुद्रण या आठवड्यात संपले आणि पहिले संकलनही हाती आले. मालवाहू यानावरील एका अभियंत्याला यानात असूच शकत नाहीत असे आवाज ऐकू येऊ लागतात आणि आपण कोणाच्या तरी श्रुतिकेतील पात्र आहोत, हा संशय त्याच्या मनात घर करतो, एवढे कथासूत्र नव्या वाचकांसाठी पुरेसे आहे.

या भागाचा कणा आम्ही लिहिलेला नव्हता, तो खिडकीतून आला. अभियंता इंधन मोजत असताना शेजारच्या कुकरची शिट्टी झाली आणि पाठोपाठ "तीन झाल्या की गॅस बंद कर गं!" ही हाक स्वच्छ मुद्रित झाली. तो टेक बाद ठरवला होता. परंतु रात्री हेडफोनवर ऐकताना सुचले, की यानाच्या संगणकाने ही आज्ञा आपल्यालाच दिली असे समजून तिसऱ्या शिट्टीला इंजिन बंद केले, तर अडलेली कथा सुटते. काकूंनी परवानगी तर दिलीच, शिवाय दुसऱ्या दिवशी डाळीचा कुकर लावून उरलेल्या दोन शिट्ट्याही दिल्या.

मात्र नुसते आवाज मिसळून हा विनोद साधत नाही. कोणते जग खरे आणि कोणते रचलेले, हे श्रोत्याला आधी निःसंशय कळले, तरच सीमा ओलांडल्याची गंमत येते, आणि श्रुतिकेत ही सीमा खोलीचा घुमाराच आखतो. तीन मीटरवरील भिंतीवरून आवाज परतण्यास सुमारे १७ मिलिसेकंद लागतात. तो वेगळा ऐकू येत नाही, पण लहान खोलीची जाणीव करून देतो. म्हणून यानातील संवाद चहूबाजूंनी गोधड्या टांगून घेतले आणि धातूच्या बोळाचा घुमारा नंतर चढवला. पहिली शिट्टी जशीच्या तशी ठेवली, दुसरीवर निम्मा घुमारा दिला, तिसरी पूर्णपणे यानातली केली.

संगणकाच्या आवाजासाठी रिंग मॉड्युलेशन (मूळ आवाजाला दुसऱ्या एका स्थिर स्वराने गुणण्याचे तंत्र) वापरले. १९६३ साली बीबीसीच्या 'डॉक्टर हू' मालिकेतील डॅलेक या यंत्रासारख्या परग्रहवासी खलपात्रांचा आवाज याच तंत्राने घडला होता. ३० हर्ट्झचा वाहक, म्हणजे तो स्थिर स्वर, लावला की २०० हर्ट्झचा स्वर १७० आणि २३० असा फुटतो. आमच्याकडे त्यात 'बंद'मधला अनुस्वार हरवत होता, तेव्हा थोडा मूळ आवाज मिसळावा लागला.

सर्वाधिक वेळ घेतला तो इंजिन थांबल्यानंतरच्या चार सेकंदांनी. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी सीबीएस या अमेरिकी रेडिओवाहिनीवरून झालेल्या ऑर्सन वेल्स यांच्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या मंगळवासीयांच्या हल्ल्यावरील नभोनाट्यात वार्ताहराचे बोलणे मध्येच तुटते आणि मागे फक्त शांतता उरते. तसा परिणाम हवा होता. पण ध्वनिफितीत निव्वळ शून्य ठेवले, तर फाइल बिघडल्यासारखे वाटते. अखेर यानाची घरघर हळूहळू काढून घेतली आणि तिच्या जागी आमच्याच खोलीची शांतता ठेवली, पंखा मुद्दाम चालू ठेवून मुद्रित केलेली. त्या चार सेकंदांनंतर अभियंता हळूच विचारतो, "इथे पंखा कोणी लावला?" चौथा भाग याच वाक्यापासून सुरू होईल.