पऱ्हाटीचा निरोप, ४५ सेकंदांत

काटोल, सावनेर, हिंगण्याकडच्या कापूसवाल्यांना पऱ्हाटीवरचा, म्हणजे कापसाच्या झाडावरचा, कीडसल्ला पोचवायचा म्हटलं की नागपुरातल्या बैठकीत आधी अ‍ॅप निघतं. काढा अ‍ॅप, हरकत नाही. पण ज्याच्या खिशात बटनांचा फोन आहे, किंवा घरातला एकुलता स्मार्टफोन पोराकडे आहे, त्याचं काय? एसएमएस म्हणाल तर इंग्रजीत एकात १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. काना, वेलांटी, अनुस्वार, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘गुलाबी बोंडअळी’ एवढ्यातच १४ जागा गेल्या. औषध, मात्रा आणि वेळ उरलेल्या ५६ मध्ये बसवून दाखवा.

म्हणून रेकॉर्ड केलेला कॉल. ४५ सेकंद, म्हणजे संथ बोलून ७५-८० शब्द. ‘आमच्या सेवेत आपले सहर्ष स्वागत आहे’ असं सुरू झालं की माणसाला वाटतं कर्जवाला आला, तो कापतो. १४० ने सुरू होणारा, म्हणजे जाहिरातवाल्यांचा, नंबर असेल तर उचलतच नाही. पहिलंच वाक्य असं हवं: ‘काटोल तालुका. पऱ्हाटीवरच्या बोंडअळीचा निरोप.’

खरी मेहनत सल्ल्याच्या भाषेवर. ‘आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यास फवारणी करावी’ हे वाक्य कागदावर बरोबर आणि बांधावर निरुपयोगी. त्याचं असं करा: ‘वीस हिरवी बोंडं तोडून फोडा. दोनात अळी दिसली तर फवारा.’ किंवा ‘एकरी दोन कामगंध सापळे. एका सापळ्यात रोज आठ पतंग, सलग तीन दिवस, तर फवारा.’ कामगंध सापळे म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे सापळे. ते कधी लावायचे? ‘पोळ्याच्या आसपास’ कानाला गोड लागतं, पण पोळा तिथीने सरकतो, अधिक मास आला की चांगलाच पुढे जातो. ‘पेरून पंचेचाळीस दिवस झाले की’ म्हणा.

मात्रेत सगळ्यात जास्त घोळ होतो. छापील शिफारस बहुधा १० लिटर पाण्याला असते आणि पाठीवरचा पंप १५ किंवा १६ लिटरचा. १० लिटरला २० मिली असेल तर १५ च्या पंपाला ३०, १६ च्या पंपाला ३२. हे त्रैराशिक चिखलात उभ्या माणसावर टाकू नका, निरोपातच पंपाचा आकडा द्या. ‘एक झाकण’ तर अजिबात नको, झाकणं सारखी नसतात. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाचं पाण्याचं गणित वेगळं, त्याचा निरोपही वेगळा.

साधी फोनलाइन ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यातलाच आवाज नेते. स्टुडिओत खणखणीत वाटलेले ‘स’ आणि ‘श’ तिथे बोथट होतात, ‘सात’ आणि ‘साठ’ एकमेकांत मिसळतात. आकडा दोनदा, दोन तऱ्हांनी म्हणायचा: ‘साठ मिली. सहा, शून्य.’ फाइल ८००० हर्ट्झ सॅम्पलिंगवर, मोनोमध्ये उतरवा आणि बटनांच्या फोनवर, पंखा पूर्ण वेगात ठेवून ऐका. हेडफोनवर ऐकून पास करू नका.

कॉलमध्ये बटन दाबून निवडायचे पर्याय तीनच. ‘कापसासाठी एक दाबा’ ही मराठीची स्वाभाविक रचना आहे, कामाचा आकडा शेवटी येतो आणि तोच लक्षात राहतो. इंग्रजीवरून उतरवलेलं ‘एक दाबा कापसासाठी’ ऐकलं की माणूस आकडा विसरून बसतो. फोन कानापासून काढून बटन शोधायला वेळ लागतो, स्मार्टफोनवर तर आधी कीपॅड उघडावा लागतो. म्हणून पर्याय ऐकवल्यावर सहा-सात सेकंद थांबा. चुकीचं बटन दाबलं तर कॉल कापू नका, पर्याय पुन्हा ऐकवा.

निरोप शेतकऱ्यांना ऐकवून तपासताना ‘समजलं का?’ विचारलं तर सगळे ‘हो भाऊ’ म्हणतात. विचारायचं हे: ‘उद्या पंपात किती टाकाल?’ उत्तर चुकलं तर निरोप पुन्हा रेकॉर्ड. कॉल सुरू झाल्यावर नोंद एकाच गोष्टीची ठेवा, कितव्या सेकंदाला कापला. पाचव्याला कापत असतील तर सुरुवात बदला, पंचविसाव्याला कापत असतील तर मात्रेचं वाक्य. आणि ज्या नंबरवरून कॉल जातो त्यावर उलट फोन लागला पाहिजे. तोच निरोप पुन्हा वाजू द्या. घरच्या बाईने उचललेला फोन शेतातून परतलेल्या माणसाला ऐकवायची तीच एक सोय असते.