समीकरणांची वही: प्रत्येक ओळीला कारण

समीकरणं सोडवायच्या सरावाच्या या टप्प्यात एकच नियम पाळतेय. 'पलीकडे नेलं, चिन्ह बदललं' असं वहीत लिहायचं नाही. असं पक्षांतर (पद समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला नेणं) चुकीचं मुळीच नाही, पण नेमकं काय केलं ते त्यात झाकलं जातं. म्हणून दोन्ही बाजूंना काय केलं ते प्रत्येक ओळीपुढे समासात लिहिते:

५क्ष − ४ = २क्ष + ११
३क्ष − ४ = ११ (दोन्हीकडून २क्ष वजा)
३क्ष = १५ (दोन्हीकडे ४ मिळवले)
क्ष = ५ (दोन्हीकडे ३ ने भाग)

ताळा: दोन्ही बाजू २१.

समान राशींत समान राशी मिळवल्या तर बेरजाही समान, हे ग्रीक गणिती युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास सिद्ध करत न बसता गृहीतच धरलं. दोन समांतर रेघांचं '=' हे चिन्ह वेल्श गणिती रॉबर्ट रेकॉर्डने छापलं ते १५५७ मध्ये. म्हणजे ज्या गुणधर्मांवर आपण रोज समीकरणं सोडवतो, ते चिन्हाच्या कितीतरी आधीपासून वापरात आहेत. मला हे फार आवडतं.

समीकरण म्हणजे दोन्ही पारडी समतोल असलेला तराजू, हे चित्र मात्र मी आता बाजूला ठेवलंय. ७ − २क्ष = १५ यात क्ष = −४ येतो, आणि ऋण वजन पारड्यात ठेवायचं कसं? गुणधर्माला ती अडचण नाही. दोन्हीकडून ७ वजा, मग −२ ने भाग, संपलं.

कंस दिसला की लगेच सोडवायची सवयही मोडली. ७(२क्ष − ५) = ३(२क्ष − ५) + १२ घ्या. २क्ष − ५ ही एकच राशी मानली आणि दोन्हीकडून तिची तिप्पट वजा केली, की ४(२क्ष − ५) = १२ उरतं. मग २क्ष − ५ = ३ आणि क्ष = ४. वजाबाकी फक्त सुट्या संख्येचीच करायची असं थोडंच आहे? अख्खी राशी उचलता येते. अपूर्णांकांचं तंत्र सर्वांना माहीत आहेच: क्ष/३ + क्ष/४ = ७ ला १२ ने गुणा, ७क्ष = ८४, क्ष = १२.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. समासात कारणं लिहायला लागल्यावर प्रत्येक पायरीला एक प्रश्न विचारता येतो: इथून उलटं मागे जाता येईल का? ४ मिळवले असतील तर ४ वजा करून परत येता येतं, नेहमीच. ३ ने गुणलं असेल तर ३ ने भागून येता येतं. पण शून्याने गुणलं तर परतीची वाट बंद, कारण ० × २ = ० × ९ खरं असूनही २ आणि ९ समान होत नाहीत. समीकरणांत हे शून्य उघडपणे येत नाही, ते चलाच्या, म्हणजे क्ष सारख्या अक्षराच्या, आड दडून येतं. क्ष² = ५क्ष या समीकरणाला क्ष ने भागलं की क्ष = ५ मिळतो आणि क्ष = ० ही उकल हरवते. उलट क्ष = ३ च्या दोन्ही बाजूंना (क्ष − २) ने गुणलं, तर क्ष = २ ही नसलेली उकल आत शिरते. भागाकारात उकल गळू शकते, गुणाकारात वाढू शकते.

त्यामुळे ताळ्याकडे बघण्याची माझी दृष्टीच बदलली. सगळ्या पायऱ्या उलटवता येण्याजोग्या असतील, तर ताळा फक्त आकडेमोड तपासतो. एखाद्या पायरीत चल असलेल्या राशीने गुणलं असेल, तर ताळा हा उकलीचाच भाग होतो. त्याशिवाय उत्तर पूर्ण नाही. अशा ओळींपुढे मी आता अट लिहिते, उदाहरणार्थ 'क्ष ≠ १'. हरवलेली उकल मात्र कुठलाही ताळा परत आणत नाही. म्हणून चलाने भागण्याआधीच 'चल शून्य असेल तर?' हे वेगळं तपासून घेते.

पुढचा टप्पा छेदात चल असलेल्या समीकरणांचा. सुरुवातीसाठी ही जोडी काढलीय, तुम्हीही कारणांसकट सोडवून बघा:

२/(क्ष − १) = क्ष/(क्ष − १) + ३
१/(क्ष − १) = क्ष/(क्ष − १) + ३

दोन्हींना (क्ष − १) ने गुणावं लागतं, पायऱ्याही सारख्याच पडतात. फरक शेवटच्या ओळीत आहे.