‘चर्चा झाली’ या दोन शब्दांपाशी

एम.ए. लोकप्रशासनाच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी विषय घेतला होता ‘ग्रामपंचायतीच्या कारभारातील व्यवस्थापकीय अडचणी’. ल्युथर गुलिकने १९३७ मध्ये मांडलेलं पोस्डकॉर्ब, म्हणजे प्रशासनाच्या सात कार्यांचं सूत्र, पाठ होतं. नियोजन, संघटन, कर्मचारी, निर्देशन, समन्वय, अहवाल, अंदाजपत्रक असे सात रकाने वहीत आखले आणि गावात जाऊन ते भरायचे, या तयारीने सोलापूरच्या स्टँडवरून एसटीत बसले.

गाव कर्नाटकाच्या बाजूचं, पाऊण तासाच्या अंतरावरचं. नाव देत नाही, कारण तिथल्या माणसांनी माझ्यापुढे दप्तर उघडलं ते विश्वासाने. आमच्याही घरी आजी कन्नडच बोलायची, त्यामुळे पारावरचं बोलणं मला कळत होतं. याचा पुढे किती उपयोग होणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

पहिल्या तीन फेऱ्या वाया गेल्या. कार्यालय उघडं, संगणकावर केंद्रचालक बसलेला, पण भाऊसाहेब नाहीत. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, गावाच्या तोंडी मात्र भाऊसाहेबच. त्यांच्याकडे शेजारच्या गावाचाही चार्ज होता. असा प्रकल्प करणाऱ्याने आधी फोन करून त्यांचा या गावातला वार विचारून घ्यावा. मार्गदर्शकांच्या पत्राच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर आवक क्रमांक टाकून घ्यावा. पुढच्या खेपेला कुणी ‘तुम्ही कोण?’ विचारलं तर तो आवक क्रमांकच उपयोगी पडतो.

‘सरळ माहिती अधिकार टाक’ असा सल्ला मैत्रिणींनी दिला होता. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि ३० दिवसांची मुदत. मार्ग चांगलाच आहे आणि वेळ पडली तर जरूर वापरावा. मला मात्र कागद कसा तयार होतो ते बघायचं होतं, म्हणून भाऊसाहेबांच्या शेजारी बसायला मिळणं जास्त मोलाचं वाटलं. शिवाय गावाचा विकास आराखडा ई-ग्रामस्वराजवर, म्हणजे ग्रामपंचायतींच्या सरकारी संकेतस्थळावर, घरबसल्या दिसतो. तो वाचून न जाता गेले, ही माझी चूक.

ते शेजारी बसणं हाच माझा खरा अभ्यास झाला. एका सकाळी मी नुसत्या नोंदी केल्या. जन्माचा दाखला, घराचा उतारा, मग बांधकाम कामगार म्हणून ९० दिवस काम केल्याचा दाखला मागायला आलेले तिघे. तेवढ्यात तालुक्याहून फोन: घरकुलाची माहिती बारापर्यंत पाठवा. ती भरता भरता दुसऱ्या विभागाचा फोन, तीच माहिती वेगळ्या तक्त्यात. मग एक बिल अदा करायचं होतं, त्याला सरपंच आणि भाऊसाहेब दोघांची डिजिटल सही लागते. सरपंचताई शेतात, नेट बंद. दुपारी दोनला भाऊसाहेबांनी डबा उघडला, कडक भाकरी आणि शेंगाचटणी मलाही दिली आणि म्हणाले, “ताई, गावाचा विचार करायला मला वार कुठला ते शोधून द्या.” माझ्या सात रकान्यांत ‘वेळ’ नावाचा रकाना नव्हता. मी तो त्याच दिवशी आखला.

नंतर दप्तराकडे वळले. नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही, नमुना ९ म्हणजे मागणीची. नमुना ९ मध्ये मागील बाकी आणि चालू मागणी वेगवेगळी असते. पाणीपट्टीची बाकी मी घरनिहाय न उतरवता गल्लीनिहाय उतरवली. गावाच्या टोकाला, ओढ्यापलीकडे एक गल्ली आहे. जवळजवळ सगळी जुनी बाकी तिथली निघाली. कार्यालयात त्याचा अर्थ ठरलेला होता: ‘ते लोक भरतच नाहीत.’ पाणी सोडणाऱ्या मामांबरोबर मी व्हॉल्व्ह फिरवायला गेले तेव्हा कळलं की त्या गल्लीला जाणारी पाइप अरुंद आहे आणि उताराच्या उलट बाजूला चढते. टाकी भरलेली असली तरी शेवटच्या घरांत थेंब-थेंब. पाणी नाही म्हणून पट्टी नाही. आणि पट्टी नाही म्हणून पाइपला पैसा नाही, असं कार्यालय म्हणणार.

पण पैसा होता. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के बंधित होता, म्हणजे तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. त्याच गावात बंधित निधीतून दुसरी कामं झालेली मी पाहिली. मग ही पाइप आराखड्यात का नाही?

२ ऑक्टोबरची ग्रामसभा मी मुद्दाम गाठली. गणपूर्तीला १०० किंवा १५ टक्के, जो आकडा कमी असेल तेवढे मतदार लागतात. उशिरा का होईना, ते जमले. सगळं बोलणं कन्नडमध्ये. बायका मागच्या बाजूला, भिंतीला टेकून. त्यांच्यातली एक अव्वा, म्हणजे वयस्कर बाई, उठली आणि मोठ्याने म्हणाली, “नम्म ओणीगे नीर बरंगिल्ल!” आमच्या गल्लीला पाणी येत नाही. पुढे पाच-सहा मिनिटं ती बोलत होती: कुठल्या घरापासून पाणी बंद होतं, पाइप कुणाच्या दारात मोडली, लेकीबाळी किती लांबून घागरी आणतात. एखाद्या अभियंत्याने पाहणी करून द्यावी इतकी नेमकी माहिती. मी थरारून ऐकत होते.

पंधरा दिवसांनी इतिवृत्ताची वही मागितली. अक्षर सुरेख, मराठी शुद्ध. त्या सगळ्या बोलण्याची नोंद एका ओळीची: ‘पाणीपुरवठ्याबाबत चर्चा झाली.’

भाऊसाहेबांचा मला राग आला नाही. ते लातूरकडचे, त्यांना कन्नड येत नाही. कुणीतरी कानाशी सांगतं, त्यातून ते लिहितात, आणि त्याच वेळी त्यांना हजेरीच्या सह्याही घ्यायच्या असतात. पण त्या एका ओळीचं पुढे काय होतं ते बघा. इतिवृत्तात गल्लीचं नाव नाही म्हणून आराखड्यात काम नाही. आराखड्यात काम नाही म्हणून ते ई-ग्रामस्वराजवर चढत नाही. तिथे चढलं नाही की पैसा खात्यावर असूनही अदा करता येत नाही. ‘नियोजनाचा अभाव’, ‘निधीची कमतरता’, ‘लोकसहभागाचा अभाव’ हे आम्ही उत्तरपत्रिकेत लिहितो, ते तिन्ही मला त्या गावात खोटे ठरलेले दिसले. लोक आले होते, बोलले होते, पैसाही होता. मधल्या मध्ये ते बोलणं गळालं.

वही पुढे करून मी भाऊसाहेबांना अव्वा काय म्हणाली ते सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “हे मला कुणी असं सांगितलंच नाही. पण मी असं लिहू शकत नाही. पुन्हा सभेत येऊ द्या.” बरोबर होतं. माझ्या सांगण्यावरून इतिवृत्त बदललं असतं तर ती दुसरी चूक झाली असती.

जानेवारीत सोलापूरची गड्ड्याची जत्रा चालू असताना मी केगावला, विद्यापीठात, प्रकल्प जमा केला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी विचारलं, पोस्डकॉर्बमधलं कुठलं कार्य तिथे कमकुवत? मी ‘अहवाल’ म्हणाले. त्यांना अंदाजपत्रक अपेक्षित होतं. आम्ही बराच वेळ बोललो, आणि त्यांनी तो तक्ता, गल्लीनिहाय बाकीचा, स्वतःकडे ठेवून घेतला.

२६ जानेवारीला प्रकल्पाचं काही काम उरलं नव्हतं, तरी मी गावात गेले. त्या दिवशी आधी महिला सभा झाली आणि अंगणवाडीच्या ताई, ज्यांना दोन्ही भाषा येतात, वही घेऊन अव्वाच्या शेजारी बसल्या. भाऊसाहेबांनीच त्यांना विनंती केली होती. ग्रामसभेत ताईंनी ते वाचून दाखवलं, कुणी तरी हरकत घेतली, वाद झाला, शेवटी ठराव झाला. आता वहीत ओढ्यापलीकडच्या गल्लीचं नाव आहे, कुठल्या घरापासून पाणी थांबतं ते आहे आणि पाइप बदलण्याचं काम आराखड्यात घ्यावं असं लिहिलेलं आहे. खाली सूचक म्हणून अव्वाचं नाव. तिने ते बोट ठेवून दोनदा वाचायला लावलं.

पाइप अजून बदललेली नाही. मामा सांगतात, मोजमाप घेऊन गेले.