दर कुठाय?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे उरकले की त्या दिवसाचे दर शेतकऱ्यांना घरबसल्या दिसावेत, यासाठी आम्ही फ्लटर या ॲप बनवण्याच्या साधनात एक ॲप तयार करत होतो. डार्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालणाऱ्या या ॲपच्या मुख्य स्क्रीनची जबाबदारी माझ्याकडे होती. स्कॅफोल्डमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या तयार सांगाड्यात, वर शीर्षकाची पट्टी म्हणजे ॲपबार, खाली पाने बदलण्याचा नेव्हिगेशन बार आणि मध्ये प्रतवारीनुसार एकाखाली एक कार्डे, अशी मी मांडणी केली. प्रत्येक कार्डात प्रतीचे नाव, मग आवक आणि शेवटी क्विंटलचा दर होता. सगळी कार्डे एकसारखी दिसावीत म्हणून प्रत्येकाची उंची मी ९६ पिक्सेल अशी पक्की केली होती. एम्युलेटरवर, म्हणजे लॅपटॉपवरच्या आभासी फोनवर, सारे नेटके दिसत होते.

ॲप दाखवायला यार्डातल्या एका वयस्कर अडत्यांच्या पेढीवर गेलो. त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला आणि विचारले, "अरे, हळदीचं नाव दिसतंय बघ, पण दर कुठाय?"

फोन हातात घेतला तेव्हा मन खट्टू झाले. काकांनी फोनची अक्षरे मोठी करून ठेवली होती. त्यामुळे कार्डातला मजकूर उंचीत मावेना आणि दराची ओळ खालच्या कार्डाआड गेली होती. जे पाहण्यासाठी शेतकरी ॲप उघडणार, नेमके तेच झाकले गेले होते! तिथेच लॅपटॉप उघडून, एम्युलेटरची अक्षरे तेवढीच मोठी करून चुका शोधण्याच्या डीबग मोडमध्ये ॲप चालवले, तर प्रत्येक कार्डाच्या तळाशी पिवळे-काळे पट्टे उमटले आणि कन्सोलवर, म्हणजे संदेशांच्या खिडकीत, रेंडरफ्लेक्स (कार्डातली मांडणी) १९ पिक्सेलने ओसंडल्याची सूचना आली. काकांच्या फोनवरची प्रत वापरकर्त्यांना द्यायच्या रिलीज मोडमधली असल्याने तिथे हे पट्टे दिसण्याचा प्रश्नच नव्हता. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे ओळीला मुळातच अधिक उंची लागते, हे मराठी माणूस असून माझ्या ध्यानात आले नव्हते, याची खंत अधिक वाटली.

उंचीचा आकडा काढून टाकला, कार्डाला मजकुराप्रमाणे वाढू दिले आणि सगळी कार्डे लिस्टव्ह्यू या सरकत्या यादीत घातली. नवी प्रत फोनवर चढवताच काकांनी राजापुरी हळदीचा दर मोठ्याने वाचला आणि लगेच म्हणाले, "आता दर वर घे आणि नाव खाली टाक. माल कुठला आणलाय, हे शेतकऱ्याला ठाऊकच असतं."

तो बदल मी पेढीवरून उठण्याआधी केला.