अर्धवटच राहू दे

जुन्या सामानात अर्धवट राहिलेलं मॉडेल विमान निघालं की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो टाका, दुसरा म्हणतो पुरं करा. मला दुसऱ्याचीच जास्त धास्ती वाटते. टाकणाऱ्याला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं.

काकांनी अर्ध्यात सोडलेलं विमान माझ्याकडे आलंय. बाल्साचं. घनमीटरला जेमतेम 160 किलो भरणारं हे लाकूड वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात मात्र ‘कठीण’ लाकडांत मोडतं. दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटो विमानाच्या धडात प्लायवुडच्या दोन थरांमध्ये हेच भरलेलं होतं. तरी नख लावलं की वळ उमटतो, म्हणून मी ते उचलताना श्वाससुद्धा जपून घेतो.

डाव्या पंखाच्या बरगड्या लागल्या आहेत, उजव्याच्या निम्म्याच. एका बरगडीवर पेन्सिलीने 7 लिहून खोडलाय, शेजारी 8. कडेला टाचण्यांची भोकं, आणि एका सांध्यावर ओघळलेल्या गोंदात अंगठ्याचा ठसा. टिश्यू कागद चढला असता तर यातलं काहीही दिसलं नसतं. कागद फक्त शेपटीवर चढलाय, आणि नेमकी तीच वाकडी झाली आहे. त्यावर लावतात तो डोप, म्हणजे वार्निशसारखा लेप, वाळताना आकसून कागद ताणतो, पण तिथेच थांबत नाही; वर्षानुवर्षं आकसतच राहतो आणि खालच्या काड्यांना पीळ देतो. उघडे पंख अजून सरळ आहेत.

खोक्यात रबराची लडही होती, चिकट होऊन आराखड्याला डकलेली. 1871 मध्ये फ्रेंच संशोधक आल्फोन्स पेनोने पॅरिसच्या बागेत पिळलेल्या रबरावर चिमुकलं विमान अकरा सेकंद उडवलं, तेव्हापासून हौशी लोकांचं इंजिन हेच. पण रबर हवेनेच कुजतं. ते वेगळं काढलं. आराखडा मात्र विमानासोबतच हवा, त्याशिवाय ही नुसती काड्यांची मोळी.

बाकी करायचं ते थोडंच. मऊ ब्रशने धूळ झटकायची, ऊन आणि ओल दोन्ही टाळायचं, आम्ल नसलेल्या कागदात सैल गुंडाळून ठेवायचं. कसर लागली नाही ना, हे अधूनमधून बघायचं. सेलोटेप चुकूनही नको. पट्टी गळून पडते, चिकटा लाकडात मुरतो. जुना गोंद ठिसूळ होऊन सांधा सुटलाच तर पुढे पुन्हा सोडवता येईल असा गोंद वापरावा. क्षणात चिकटणारा तर बिलकूल नको.

खरं म्हणजे हे विमान टिकलंय ते उडलं नाही म्हणूनच. याच्यासोबतची जी पुरी झाली, ती केव्हाच कुठल्या तरी झाडात अडकून संपली असणार. पुरं करायची खुमखुमी असेल, तर आराखड्याची प्रत काढा, नवं बाल्सा आणा, दुसरं बांधा. आणि ते खुशाल आपटू द्या.