शमशोनाची रात्र

आमच्या ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चची, वार्षिक सभा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात असते. तीन दिवस, देवळाच्या अंगणात, लिंबाखाली मांडव. एवढ्या उन्हात का, तर शाळांना सुट्टी असते आणि पुण्या-मुंबईकडची माणसं गावाकडं येतात, असं जुन्या लोकांचं गणित. गणित बरोबर आहे. माणसं येतात, पण तिसऱ्या दिवशी, आमटी-भाकरीच्या पंगतीला. पहिल्या रात्रीच्या संदेशाला सतरंज्या निम्म्या रिकाम्या असतात. हे मी सोळा वर्षं चिटणीस म्हणून वहीत रेघा मारून लिहून ठेवलंय. वही हवी असेल तर दाखवतो.

प्रास्ताविक, अहवाल, सत्कार हे सगळीकडं होतं तसंच आमच्याकडंही होतं. पाळकसाहेबांची आरंभीची प्रार्थना जरा लांबते. वडीलजन घड्याळ बघतात.

दुसऱ्या रात्री मात्र कीर्तन. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात ख्रिस्ती कीर्तन काही कालचं नाही. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं, आणि त्याच शतकात कृष्णराव सांगळ्यांनी बायबलातल्या कथा कीर्तनात आणल्या. पुढं १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड ना. वा. टिळक आले आणि ख्रिस्ताला अभंग मिळाला. आमचे गुरुजी त्याच वाटेवरचे. प्राथमिक शाळेतून निवृत्त, पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या. दर वर्षी आख्यान एकच, बायबलातल्या महाबली शमशोनाचं. एका वर्षी कमिटीनं फार आग्रह केला म्हणून त्यांनी माशानं गिळलेला योना लावला. मासा आला नि गेला, लोक शेंगा खात बसले. पुढल्या वर्षी पुन्हा शमशोन.

पूर्वरंगात गुरुजी सावकाश बोलायचे. बळ केसांत नव्हतं बाबांनो, म्हणायचे, केस ही फक्त खूण. तो आईच्या पोटापासून देवाचा नाजीर, म्हणजे व्रतानं देवासाठी वेगळा ठेवलेला. द्राक्षाचा रस वर्ज्य, मढ्याला शिवणं वर्ज्य, डोक्याला वस्तरा वर्ज्य. मग हा गडी पडला कधी? लोक म्हणत, त्याला फसवणाऱ्या दलीलेच्या मांडीवर. गुरुजी मान हलवत. नाही. मेलेल्या सिंहाच्या सांगाड्यातला मध खाल्ला ना, तेव्हाच. चालता चालता खाल्ला, आईबापालाही दिला, आणि कुठून आणला ते सांगितलं नाही. लपवायला लागला की माणूस दुबळा झालाच, अंगात सिंह फाडायचं बळ असलं तरी.

दलीला बळाचं गुपित विचारायची, तिला शमशोनानं दिलेली तीन खोटी उत्तरं मग ते बोटांवर मोजायचे. पहिलं, सात ओल्या तातींनी बांध. दुसरं, नव्या कोऱ्या दोरांनी बांध. तिसरं, माझ्या सात बटा मागात विणून टाक. इथं थांबून विचारायचे, ‘कळलं का? तिसरं खोटं केसांपर्यंत आलं.’ शमशोनाचे वैरी पलिष्टी, त्यांच्या सरदारांनी दलीलेला प्रत्येकी १,१०० रुपये देऊ केले होते, तो हिशेब ते घाईत सांगून टाकत. त्यांना घोर दुसऱ्याच गोष्टीचा. शमशोनानं वीस वर्षं इस्राएलाचा न्याय केला, आणि सबंध कथेत तो देवाला हाक मारतो ती दोनदाच. एकदा तहानेनं जीव जायला लागला तेव्हा, आणि एकदा अगदी शेवटी. मधल्या काळात बोलणंच नाही. देवाशी सहभागिता तुटते ती अशी, भांडण न होता.

उत्तररंगात वस्तरा फिरून जायचा. दलीला ओरडायची, शमशोना, पलिष्टी आले! गुरुजी दचकून उठायचे, नेहमीसारखं अंग झाडायचे. चिपळ्या बंद. पेटीवाले काका एकच सूर धरून ठेवायचे. आणि गुरुजी अगदी हळू म्हणायचे, परमेश्वर आपल्याला सोडून गेलाय, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

पराभव होतो हे सगळ्यांना समजतं. ठाऊकच नसणं हे मला दर वर्षी नव्यानं लागायचं. एका साली मांडवाच्या भाड्यावरून कमिटीतल्या एकाशी माझं बोलणं बंद होतं. वर्षभर मी त्याच बाकावरून प्रार्थना चालवली, प्रभुभोजनाला हात पुढं केला, काहीही अडलं नाही. त्या रात्री मी मागं उभा राहून हजेरीच्या रेघा मारत होतो. गुरुजींनी अंग झाडलं आणि माझी पेन्सिल थांबली. लगेच जाऊन मिठी मारली वगैरे काही नाही. दुसऱ्या दिवशी पंगतीत आमटीची बादली जड झाली, त्यानं न विचारता दुसरी कडी धरली. मी ‘सावकाश’ म्हणालो. वर्षानंतरचा तेवढाच शब्द.

मग जातं. शमशोनाचे डोळे काढून त्याला गज्जा शहराच्या बंदिशाळेत दळायला बसवलं, असं गुरुजी म्हणाले की मांडवाच्या कडेला खरंखुरं जातं घरघरू लागायचं. महिला मंडळाची आत्या पदर खोचून, पाय पसरून बसायची, एका हातानं खुंटा, दुसऱ्या हातानं जवारीचा घास. ओवी तिची स्वतःची:

डोळं गेलं, बळ गेलं, दळाण आलं वाट्याला,
केसं वाढत्यात हळू, कोन सांगंल पलिष्ट्याला.

इथं बायका डोळ्याला पदर लावायच्या आणि पुरुष उगाच खाकरायचे.

राबणाऱ्यांची आठवण ठेवली पाहिजे. मांडववाले, ज्यांनी भाडं कधी आगाऊ मागितलं नाही (भांडण आमच्यातलं, त्यांचा दोष नाही). पेटीवाले काका आणि तबल्याला बसणारा त्यांचा पुतण्या. पहाटे चारपासून भाकरी थापणाऱ्या आठ जणी, नव्हे नऊ. शेवटची चुलीच्या धुरात दिसायची नाही. टँकर वेळेवर आणणारा. तरुण संघाची चपला सांभाळणारी पोरं. जनरेटरवाला. शब्बाथशाळेच्या बाई, ज्यांनी लहान मुलांना कीर्तनभर गप्प ठेवलं. कुणी राहिलं असेल तर राग मानू नये.

आत्या आता नाही. गेल्या वर्षी कॉलेजातल्या एका मुलीला जात्यावर बसवलं. तिनं रिकामंच जातं फिरवलं, दगडावर दगड घासून कर्कश आवाज निघाला. गुरुजी आख्यानातच थांबले. ‘अगं पोरी, मूठभर जवारी टाक आधी.’ एक पोरगं अंधारात धावत गेलं, सदऱ्याच्या ओच्यात जवारी घेऊन आलं. तोवर सगळा मांडव गप्प बसून होता, कुणी उठलं नाही. मग घरघर नीट लागली आणि पोरीनं ओवी धरली.

ती जवारी कुणाच्या घरची, हे विचारायचं राहून गेलं. वरच्या यादीत तेवढं एक घर धरावं.